पायाखालची डबी: बूस्ट, ओव्हरड्राइव्ह आणि खानदेशातला बेंजो



पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि विषयच सुचत नाही, अशी अवस्था आपल्याकडे बऱ्याच जणांची असते. जो सुचतो तो कुणीतरी आधीच केलेला निघतो. म्हणून आज एक प्रयोग करू. गिटारवाले पायाखाली ठेवतात ती छोटी लोखंडी डबी, म्हणजे बूस्ट-ओव्हरड्राइव्ह पेडल, तिचं परीक्षण करू. विकत घेणाऱ्याच्या नजरेनं नव्हे, इतिहास वाचणाऱ्याच्या नजरेनं. शेवटी आपण जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर येऊ, कारण या डबीच्या इतिहासाचा एक अध्याय अजून लिहायचा आहे आणि तो तिथे दर लगनसराईत वाजतो, असं माझं मत आहे.

सायन्सच्या माणसानं इतिहास का लिहावा, असं विचाराल. धुळ्याचंच उदाहरण घ्या. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. १९२६ साली ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं राहिलं. अस्सल कागद हातात आला की आपण काय विचारतो? हा कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, तेव्हा त्याची अडचण काय होती? माझं म्हणणं एवढंच की सर्किट हाही एक कागद आहे. त्यालाही हेच प्रश्न विचारता येतात.

आधी व्याख्या पक्की करू

गिटारच्या पिकअपमधून साधारण एक दशांश व्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो. तो दहापट केला की एक व्होल्ट. व्होल्टेज दहापट म्हणजे २० डेसिबल. लाटेचा आकार न बिघडवता फक्त उंची वाढवली, तर तो झाला बूस्ट.

पण प्रत्येक सर्किटची एक कमाल मर्यादा असते. अॅम्प्लिफायरची असते, ट्रान्झिस्टरची असते. सिलिकॉन डायोड तर साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो आणि त्यावरचं शेंडं दाबून टाकतो. लाटेचं डोकं सपाट झालं की मूळ स्वरात नवे हार्मोनिक्स तयार होतात आणि आवाज खरखरीत, जाड होतो. हा ओव्हरड्राइव्ह. म्हणजे बूस्ट आणि ओव्हरड्राइव्ह या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. एकाच रस्त्यावरची दोन गावं आहेत, मध्ये मर्यादेचा मैलाचा दगड.

बिघाडाचा इतिहास

या आवाजाची सुरुवात कुठे झाली? नेहमी सांगितलं जाणारं उत्तर म्हणजे १९५१ चं ‘रॉकेट ८८’ हे अमेरिकन गाणं. त्यात विली किझार्टच्या गिटारचा अॅम्प खराब झालेला होता. कसा झाला? कुणी सांगतं गाडीवरून पडला, कुणी सांगतं पावसात भिजला. इथे थांबा. एकाच घटनेच्या दोन हकिकती मिळाल्या तर त्यातली रंगतदार निवडायची नसते. दोन्ही नोंदवायच्या, आणि दोन्हीत समान काय तेवढंच पक्कं धरायचं: अॅम्प बिघडला होता आणि तसाच रेकॉर्ड केला गेला.

१९५८ मध्ये लिंक रे यानं ‘रंबल’साठी स्पीकरच्या कागदाला मुद्दाम भोकं पाडली. १९६०-६१ मध्ये नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग टेबलचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचं बेसवादन फाटक्या आवाजात टेपवर उतरलं. ते काढून टाकलं नाही. उलट इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड ट्रान्झिस्टरनं पुन्हा घडवून आणणारं सर्किट तयार केलं. ते १९६२ मध्ये ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावानं बाजारात आलं. या डबीतून गिटारवर ट्रॉम्बोन-ट्यूबासारखे आवाज काढता येतील, अशी तिची जाहिरात होती. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिसफॅक्शन’मध्ये ती वापरली, आणि त्याच्याही मनात त्या जागी खरं तर ब्रासचे आवाज होते. ब्रासची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या सगळ्या घटनांत मला एक समान धागा दिसतो. अॅम्प त्याआधीही बिघडतच होते. इतिहास सुरू झाला तो कुणीतरी ‘राहू दे, चांगलं वाटतंय’ म्हटल्यावर. बिघाड पुन्हा हवा तेव्हा घडवता आला, की त्याला इफेक्ट म्हणायचं.

१९७९ च्या डबीचं परीक्षण

साठच्या दशकात बूस्टर अगदी साधे होते. इंग्लंडचा ‘डॅलस रेंजमास्टर’ एका जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालायचा. दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सनं काढलेला ‘एलपीबी-१’ही एकाच ट्रान्झिस्टरचा. यांचं काम होतं पुढच्या व्हॉल्व्ह अॅम्पला ढकलणं, आवाज फाडायचं काम अॅम्प करायचा. मग जपानमध्ये बॉसनं १९७७ मध्ये ‘ओडी-१’ काढला आणि १९७९ मध्ये आयबनेझचा ‘ट्यूब स्क्रीमर’ आला. त्याचं डिझाईन सुसुमु तामुरा यांचं. आज बाजारात दिसणारी कितीतरी ओव्हरड्राइव्ह पेडल्स याच सर्किटची भावंडं आहेत, म्हणून हाच कागद वाचायला घेऊ.

बटणं तीनच: ड्राइव्ह, टोन, लेव्हल. ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवली की ते बूस्टर म्हणून चालतं. ड्राइव्ह वाढवला की ओव्हरड्राइव्ह. पण ‘शुद्ध बूस्ट मिळतो’ हा दावा सर्किटवर तपासून बघा. ऑप-अॅम्पच्या फीडबॅकमध्ये ५१ किलोओहमचा रेझिस्टर आणि ५०० किलोओहमचं फिरतं बटण आहे, खाली ४.७ किलोओहम. गणित करा: ड्राइव्ह शून्यावर असताना वाढ सुमारे १२ पट, पूर्ण फिरवला की सुमारे ११८ पट. एक दशांश व्होल्टची बारापट १.२ व्होल्ट होते, आणि डायोड ०.६ लाच जागा होतो. म्हणजे ड्राइव्ह शून्यावर असूनही जोरात छेडलं तर लाट दाबली जातेच. हलक्या हातानं वाजवलं तर स्वच्छ राहते. याला दोष म्हणा किंवा गुण, पण हे पेडल वाजवणाऱ्याच्या बोटांना उत्तर देतं आणि त्याची ख्याती त्यातूनच आली. शिवाय रचना अशी की दाबलेल्या लाटेत मूळ सिग्नलही मिसळलेला राहतो, म्हणून आवाज फाटला तरी स्वर हरवत नाही.

दुसरी खूण. त्या ४.७ किलोओहमसोबत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. दोन्ही मिळून ७२० हर्ट्झच्या खालची वाढ कमी कमी करत नेतात. का? जाड तारांचे खालचे स्वर खूप फाडले की चिखल होतो. आता कागदाला आपला प्रश्न विचारा: हे लिहिणाऱ्याची अडचण काय होती? बँडच्या गर्दीत एका गिटारचा स्वर वेगळा ऐकू यायला हवा होता. एक कपॅसिटर एवढं सांगतो.

माझा निकाल: बूस्ट म्हणून हे पेडल पूर्ण प्रामाणिक नाही, ओव्हरड्राइव्ह म्हणून अतिशय शहाणं आहे. सपाट, स्वच्छ वाढच हवी असेल तर एका ट्रान्झिस्टरचा साधा बूस्टर सौम्य ठेवून वापरा.

नागोया ते खानदेश

आयबनेझ हे नाव ज्या होशिनो गाक्की कंपनीचं, ती जपानच्या नागोया शहरातली. १९०८ मध्ये एका पुस्तकाच्या दुकानातला वाद्यविभाग म्हणून ती सुरू झाली. त्याच शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी एक वाद्य तयार केलं: लांबट पेटी, वर तारा, आणि तारा दाबायला टाईपरायटरसारखी बटणं. नाव ‘ताइशोगोतो’. ते आशियात पसरलं, भारतात ‘बुलबुल तरंग’ झालं आणि आपल्याकडे ‘बेंजो’.

नावाचा हा घोळ लिटरेचर रिव्ह्यू करताना नडतो. बॅन्जो शोधाल तर कातडं ताणलेलं गोल अमेरिकन वाद्य सापडेल. त्याचा आपल्या बेंजोशी संबंध फक्त नावाचा. तेव्हा तिन्ही नावांनी शोधा.

खानदेशात हा बेंजो वरातीत असतो, कानबाईच्या मिरवणुकीत असतो, गणपती विसर्जनाला असतो. बेंजोला पिकअप, पिकअपला अॅम्प, अॅम्पला गाडीवरचा भोंगा. काही वाजवणारे मध्ये गिटारचं पेडलही लावतात. पण पेडल नसलं तरी अॅम्प आणि भोंगा कमाल मर्यादेपलीकडे ढकललेले असतातच. बॅंडमध्ये क्लॅरिनेट-ट्रम्पेट जी चाल धरतात, तीच इथे बेंजो धरतो. फझ-टोनला ब्रासची जागा घ्यायची होती, आठवतंय ना? ते काम आपल्याकडे बेंजोनं रस्त्यावर केलं.

आपण शिकलेली माणसं या आवाजाला ‘फाटका आवाज, खराब सिस्टीम’ म्हणून मोकळे होतो. फिजिक्स लावून बघा, वेगळं चित्र दिसतं.

पहिलं, छेडलेली तार लगेच विझते. पण सिग्नल मर्यादेच्या दहापट असेल, तर तो दहा हिश्श्यांवरून एकावर येईपर्यंत दाबलेल्या लाटेची उंची जवळजवळ तशीच राहते. म्हणजे तुटक वाजणारा स्वर लांबतो आणि तारेवर गाण्याची ओळ धरता येते.

दुसरं, भोंगा खालचे स्वर नीट देऊ शकत नाही. समजा सा २४० हर्ट्झवर आहे. दोन्ही बाजूंनी सारखी दाबलेली लाट ७२०, १२००, १६८० असे विषम हार्मोनिक्स देते. हे भोंग्याला सहज झेपतात. कानाची सर्वाधिक संवेदना साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आहे, तिकडेही ऊर्जा सरकते. आणि मूळ स्वर अशक्त असला तरी हार्मोनिक्सवरून मेंदू सा ओळखतो. म्हणून ढोल-ताशाच्या गदारोळात चाल कळते.

तिसरं, ७२० म्हणजे तारसप्तकातला पंचम आणि १२०० म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गांधार. सुरात वाजवलं तर ही भर सुरातच पडते. पण दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या फरकाचा स्वरही निर्माण होतो. सा-पंचम, म्हणजे २४० आणि ३६०, यांचा फरक १२०, खालचा सा. तो बसतो. सा आणि कोमल रे एकत्र आले तर फरक सुमारे १६, नुसती गुरगुर. बेंजोत सुरासाठी सोडलेल्या तारा असतात, त्यामुळे त्या कशा लावल्या यावर सगळं अवलंबून.

कानाला हे नवीन नाही. तंबोऱ्याची जवारी काढणारा मिरजेचा कारागीर घोडीवर दोरा सरकवून हार्मोनिक्सच फुलवत असतो. यंत्रणा वेगळी, आवड तीच. त्याला आपण कला म्हणतो आणि भोंग्यावरच्या बेंजोला बिघाड. हा फरक आवाजातला की आपल्यातला?

मग विषय कोणता?

एक प्रश्न मी उघडाच ठेवतो, ज्याला हवा त्यानं घ्यावा. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. मोठ्या डीजेसमोर बेंजोवाल्याची सुपारी जायची भीती असते, तेव्हा तो आवाज वाढवतो. पण चाल ऐकू येण्यासाठी मोठाच आवाज लागतो, की योग्य जागी दाबलेली लाट कमी आवाजातही पुरते? हे मोजता येतं. साऊंड लेव्हल मीटर, एक चांगला रेकॉर्डर, फूरिये अॅनालिसिस आणि ऐकणाऱ्यांची साधी चाचणी. यात अकूस्टिक्स आहे, इतिहास आहे, आणि एका माणसाच्या पोटाचा प्रश्नही आहे.

करायला निघालात तर तीन गोष्टी पाळा. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत जा आणि सीझन नसताना भेटा, वरातीत त्यांना बोलायला वेळ नसतो. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या, आणि ते कशासाठी हे मराठीत किंवा अहिराणीत नीट समजावून सांगा. आणि अॅम्प उघडायला दिला तर आतल्या प्रत्येक बदललेल्या पार्टचा फोटो काढा, तो कुणी, कधी आणि का बदलला ते त्याच वेळी वहीत लिहा. दुरुस्तीवाल्याचं दुकान बंद झालं की ते सांगणारं नंतर कुणी उरत नाही.