अर्ध्या गोळीचा इतिहास

जासईत बोलायचं तर बैलापासूनच सुरुवात करायला हवी. इथे भातशेती होती, मिठागरं होती, दारात बैल होता. 1970 मध्ये सिडको आली, पुढे जमिनी गेल्या, 1984 चं आंदोलन याच मातीत झालं, 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. दावणीचे बैल कमी झाले. कुत्रा आणि मांजर मात्र राहिले. पण त्यांच्यासाठीचं औषधशास्त्र फार उशिरा आलं, आणि त्याची किंमत हे मुके जीव आजही मोजतात. आज आम्हाला एवढंच सांगायचंय.

आता जरा मुंबईकडे वळू. 1874 मध्ये तिथे घोड्यांची ट्राम धावू लागली. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं आणि 1886 मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्या काळात पशुवैद्यकाचं मुख्य लक्ष घोडा आणि बैल यांच्यावर. साहजिक आहे. घोडा बसला की ट्राम थांबते, बैल बसला की पेरणी.

कुत्र्याचा विचार झाला तो भीतीपोटी. मुंबईत भटके कुत्रे मारण्यावरून 1832 मध्येच पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. 1885 मध्ये पाश्चरने रेबीजची लस एका मुलाला टोचली. 1911 मध्ये कसौलीला सेंपल यांनी प्राण्याच्या मेंदूपासून लस केली, तीही मुख्यतः चावलेल्या माणसासाठी. मांजराकडे तर कुणाचं फारसं लक्षच नव्हतं.

मग घरात मांजराला ताप आला की माणूस काय करणार? स्वतःच्या डब्यातली गोळी काढणार. ‘लहान जीव आहे, अर्धीच देऊ.’ घोटाळा इथेच होतो.

पॅरासिटामॉल 1955-56 पासून बाजारात रुळलं. आपलं यकृत त्याला एक साखरेसारखा रेणू जोडतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात हे काम नीट होत नाही. 2000 च्या सुमारास कारण जनुकापर्यंत पोहोचलं: त्यासाठी लागणारं एक जनुक मांजरात मोडकं आहे. पिढ्यान्‌पिढ्या मांसच खाल्लं, वनस्पतींतली विषं पचवायची फारशी वेळच आली नाही, म्हणून ते मोडलं असावं, असं संशोधक मानतात. परिणाम असा की औषध अंगातच विष बनतं, रक्तातला लाल रंग तपकिरी होतो, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या काळपट पडतात, तोंड सुजतं, दम लागतो. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

कुत्र्याचं गणित पुन्हा वेगळं. त्याला आयबुप्रोफेनने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणजे वजनाने भागून डोस निघत नाही, बघा. प्रत्येक प्राण्याचं यकृत आपला स्वतंत्र इतिहास घेऊन येतं.

चुकून गोळी दिली गेलीच, तर लाजू नका. पाकीट बरोबर घ्या, किती वाजता आणि किती दिली ते सांगा, लगेच पशुवैद्यक गाठा. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच खरा उपयोगी पडतो. सकाळपर्यंत वाट बघू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.