टचपॅडचा इतिहास आणि दुरुस्तीचे शास्त्र

लॅपटॉपच्या कळफलकाखाली जो गुळगुळीत चौकोन असतो त्याला टचपॅड म्हणतात. त्यावर बोट फिरवले की पडद्यावरचा बाण फिरतो. हा चौकोन बिघडला तर काय करावे? बहुतेक जण लॅपटॉप दुकानात देतात. ‘वरचा सगळा भाग बदलावा लागेल’ असे तेथे सांगितले की खर्चाचा आकडा ऐकून तो तसाच परत आणतात, आणि बाहेरून माऊस जोडून काम भागवतात. वास्तविक यातले बरेच बिघाड घरच्या घरी ओळखता येतात आणि काही दूरही करता येतात. मात्र त्यासाठी त्या चौकोनात काय चालते हे ठाऊक हवे. ते समजून घेण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे तो आला कोठून हे पाहणे.

भाग घडवणारे गाव

सुरुवात आपल्या परिसरातून करू. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी या भागात कारखान्यांची रांग लागली. १९६६ च्या सुमारास टेल्को, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेली कंपनी, येथे आली. तिने येथे वाहने बांधण्याआधी यंत्रे-हत्यारे तयार करणारा विभाग आणि कामगारांचे प्रशिक्षण केंद्र उभे केले. येथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. मधली वर्षे हत्यारे आणि माणसे घडवण्यात गेली.

आयातीवर कडक परवाने होते तो हा काळ. १९९१ पर्यंत परदेशी यंत्राचा सुटा भाग मागवणे म्हणजे अर्ज, परवाना आणि दीर्घ प्रतीक्षा. त्यामुळे मोडलेला भाग हातात घ्यायचा, व्हर्नियरने मापायचा आणि लेथवर नवा करायचा, ही येथील वर्कशॉपची रीत होती. दुरुस्ती म्हणजे भाग घडवणे, असा त्या काळचा अर्थ होता. बिघाडही डोळ्यांना दिसे. दाता झिजलेला, बेअरिंग फुटलेले, पट्टा तुटलेला.

संगणक आला तेव्हा त्याचेही काही भाग असेच डोळ्यांना दिसणारे होते. माऊस हा त्यातला एक.

गोळीचा माऊस

डग्लस एंगेलबार्ट यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत १९६४ साली पहिला माऊस तयार झाला. लाकडी खोक्याखाली एकमेकांना काटकोनात दोन चाके, एवढीच त्याची रचना. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगेलबार्ट यांनी तो जाहीरपणे दाखवला. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. टेबलावर गोळी घरंगळली की आतले दोन रूळ फिरत. एक आडव्या दिशेचे अंतर मोजी, दुसरा उभ्या दिशेचे. भूमितीतील क्ष आणि य हे दोन निर्देशक येथे प्रत्यक्ष पाहायला मिळत.

शाळेच्या संगणक कक्षात ज्यांनी हे माऊस वापरले त्यांना आठवत असेल, की काही आठवड्यांनी बाण अडखळू लागे. खालची चकती फिरवून गोळी काढायची आणि रुळांवर बसलेला मळ कापसाने पुसायचा. पाच मिनिटांत माऊस पूर्ववत होई. लॅपटॉपमध्ये हीच गोळी उलटी करून वर बसवली गेली. तिला ट्रॅकबॉल म्हणत. अ‍ॅपल कंपनीच्या १९९१ च्या पॉवरबुकमध्ये ती कळफलकासमोर होती. बोटांचा घाम आणि धूळ थेट तिच्यावर बसे, त्यामुळे तीही वरचेवर साफ करावी लागे.

बोट हाच विजेचा भाग

फिरणारा भागच नको, ही कल्पना वेगळ्या वाटेने आली. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह तेर्मेन १९२० च्या सुमारास पेट्रोग्राड येथे वायूंचे विद्युत् गुणधर्म मोजण्याच्या उपकरणावर काम करत होते. उपकरणाजवळ हात नेला की त्याचा स्वर बदलतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून स्पर्श न करता वाजवायचे थेरेमिन हे वाद्य जन्मले. हाताच्या जवळिकीने विद्युत् मंडल बदलते, हेच टचपॅडचेही मूळ तत्त्व आहे.

इंग्लंडमधील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली याच तत्त्वावर चालणारा स्पर्शपडदा मांडला. विमानवाहतूक नियंत्रणासाठी तो उपयोगी पडावा असा त्यांचा हेतू होता. १९७० च्या दशकात जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे यांनी कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी पारदर्शक स्पर्शपडदा बनवला. १९८८ साली अमेरिकेत जॉर्ज गर्फाइड यांनी धारकतेवर चालणारा टचपॅड शोधला. १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेत अ‍ॅपलने गोळी काढून टचपॅड बसवला. त्याआधीही काही यंत्रांवर असे चौकोन होते, पण ते रूढ झाले यानंतरच. त्यात सिनॅप्टिक्स या कंपनीचा वाटा मोठा आहे. तिच्या दोन संस्थापकांपैकी फेदेरिको फाजिन हे १९७१ च्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक, तर कार्व्हर मीड हे नामवंत प्राध्यापक. १९८६ साली त्यांनी कंपनी काढली ती मेंदूच्या धर्तीवर चालणारी मंडले बनवण्यासाठी. पैसा मात्र टचपॅडने मिळवून दिला.

आत काय चालते?

दोन वाहक पत्रे आणि मध्ये विसंवाहक, म्हणजे विद्युत् धारक. घरच्या पंख्यातला ‘कंडेन्सर’ तो हाच. त्याची धारकता साधारण २.५ मायक्रोफॅरड असते. टचपॅडच्या पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते. रेषा जेथे एकमेकींना ओलांडतात तेथे एक चिमुकला धारक तयार होतो. आपल्या शरीरात क्षारयुक्त पाणी असल्यामुळे बोट वाहक असते. ते जवळ आले की धारकता किंचित बदलते. हा बदल एका पिकोफॅरडच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. पंख्याचा कंडेन्सर एका पिकोफॅरडच्या २५ लाख पट मोठा आहे, यावरून हे मापन किती नाजूक आहे ते कळेल.

रेषांमध्ये काही मिलिमीटर अंतर असूनही बाण इतका बारीक कसा सरकतो? येथे भारित सरासरी उपयोगी पडते. समजा, १०, १५ आणि २० मिलिमीटरवरच्या तीन रेषांवर बोटाचा परिणाम अनुक्रमे १, ६ आणि ३ असा मोजला गेला. मग बोटाची जागा (१० × १ + १५ × ६ + २० × ३) ÷ १० = १६ मिलिमीटर. तेथे रेषा नाही, तरी जागा कळली! टचपॅडमागची चकती, म्हणजे चिप, हेच गणित सेकंदाला अनेकदा करते.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत मेंटेनन्सचे काम करणाऱ्यांना हे नवे नाही. प्लॅस्टिकचे भाग ओतणाऱ्या यंत्राच्या हॉपरमध्ये दाणे कोठपर्यंत आहेत हे ओळखायला धारकतेवर चालणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर वापरतात. तोही समोरच्या वस्तूने धारकता बदलली की खूण देतो. ज्या घरातले वडील कारखान्यात असा सेन्सर तपासतात, त्याच घरातल्या मुलीचा टचपॅड बिघडला तर त्यातले तत्त्व त्यांच्या ओळखीचेच आहे.

बिघाड कसा शोधावा?

लेथवर टचपॅड घडवता येत नाही. येथे दुरुस्ती म्हणजे नेमका दोष ओळखणे आणि योग्य भाग बदलणे. म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम बाहेरून माऊस जोडावा. तो चालला तर दोष टचपॅडच्या बाजूला आहे. मग टचपॅड बंद करणारी कळ चुकून दाबली गेली आहे का, ते पाहावे. बाण फक्त चार्जर लावल्यावर थरथरत असेल तर चार्जरची पिन काढून पाहावे. थरथर थांबली तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. ओल्या किंवा घामेजल्या बोटांनीही मापन चुकते. पावसाळ्यात पृष्ठभाग कोरड्या कापडाने पुसणे हीच कधी कधी पुरेशी दुरुस्ती ठरते.

२००८ पासून संपूर्ण चौकोनच बटणासारखा दाबला जाणारे टचपॅड वाढले. तो दाबला जात नसेल, किंवा एका बाजूने वर आला असेल, तर सावध व्हावे. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी याच भागाखाली असते. जुनी लिथियम-आयन बॅटरी आत वायू साठून फुगते आणि टचपॅडला वर ढकलते. अशा वेळी दोष टचपॅडचा नसतोच. लॅपटॉप बंद करावा, चार्जर लावू नये. बॅटरी दाबू किंवा टोचू नये, ती पेट घेऊ शकते. हे काम जाणकाराकडेच द्यावे.

हे सर्व तपासून झाल्यावरच मागचे झाकण उघडावे. वॉरंटी शिल्लक असेल तर मुळीच उघडू नये. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. स्क्रू जसजसे निघतील तसतसे कागदावर त्यांच्या जागेनुसार चिकटपट्टीने लावून ठेवावेत, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. झाकण निघाले की सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. टचपॅडपासून मुख्य पाटीकडे जाणारी चपटी पट्टी दिसेल. तिच्या टोकाशी लहान खिटी असते. खिटी नखाने उचलावी, पट्टी बाहेर घ्यावी, पुन्हा सरळ बसवावी आणि खिटी लावावी. पट्टी ओढू नये. लॅपटॉप पडल्याने ही पट्टी सैल झाली असेल तर एवढ्यानेच काम होते. झाले नाही तर टचपॅडच्या पाठीवर छापलेला क्रमांक पाहून तोच भाग मागवावा. काही मॉडेलमध्ये तो स्क्रूंनी बसवलेला असतो, काहींत गोंदाने चिकटवलेला किंवा वरच्या झाकणाशी एकजीव केलेला असतो. अशा वेळी मात्र दुकानदाराचे ‘सगळा भाग बदला’ हे म्हणणे खरे असते. जुना भाग कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.

दुरुस्तीचा हक्क

स्क्रू लावायचा की गोंद, हे कारखान्यात ठरते आणि दुरुस्तीचा खर्चही तेथेच ठरतो. २००३ साली अमेरिकेतील काइल वीन्स या विद्यार्थ्याचा लॅपटॉप बिघडला. दुरुस्तीची पुस्तिका मिळेना, म्हणून मित्रासह त्याने स्वतःच अशा पुस्तिका लिहून खुल्या करण्यास प्रारंभ केला. त्यांची ‘आयफिक्सिट’ ही संस्था पुढे ‘दुरुस्तीच्या हक्का’च्या चळवळीत अग्रभागी राहिली. भारतात जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ साली यासंबंधी निर्देश संमत केला. सुटे भाग आणि पुस्तिका मिळाल्या तरी त्या वापरण्याचे ज्ञान समाजात हवे. ते देण्याचे काम शाळेचे आहे.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग येथे देत आहोत. चालू लॅपटॉपच्या टचपॅडवर वहीचा एक कागद ठेवून त्यावरून बोट फिरवा. बाण हलतो का? आता एकेक कागद वाढवत जा आणि कितव्या कागदाला बाण थांबतो ते नोंदवा. पुढे हाच प्रयोग लाकडी पेन्सिलीने, हातात धरलेल्या नाण्याने आणि नुसत्याच ठेवलेल्या नाण्याने करा. हातातले नाणे आणि नुसते नाणे यांत फरक का पडतो, याचे कारण विद्यार्थ्यांना शोधू द्या.