घर-गोठ्याजवळचे उंदीरभक्षक वन्यजीव: ओळख आणि संरक्षण

धान्याची कोठी, कडब्याची गंजी व गोठ्याभोवती उंदीर वाढले की त्यांच्यामागे काही वन्यजीव येतात. भीतीने किंवा अपशकुन समजून त्यांना मारू नका. उंदीर नियंत्रणात त्यांची मोठी मदत होते.

गव्हाणी घुबड: चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा. पडके वाडे, माळे, जुन्या विहिरींत राहते. मुख्य खाद्य उंदीर. बसण्याच्या जागेखाली पडलेली गोळी काडीने फोडून पाहा; आत उंदरांचे केस व हाडे दिसतील.

धामण: बिनविषारी साप, लांबी २ मीटरहून अधिक होऊ शकते. दिवसा फिरते, बिळात शिरून उंदीर खाते. गाईचे दूध पिते हा गैरसमज आहे. ओळख पटली नाही तर दूर राहा, सर्पमित्राला बोलवा.

मुंगूस: उंदीर, साप, किडे खातो. अंडी व कोंबडीची पिल्लेही पळवतो. म्हणून खुराड्याला बारीक जाळी लावा.

विषारी आमिष वापरताना

ब्रोमॅडिओलोनचे विष उंदराच्या शरीरात राहते. तो उंदीर खाणारे घुबडही दगावू शकते. त्यामुळे:

- आधी बांध स्वच्छ ठेवा, बिळे बुजवा, सापळे लावा.
- आमिष लागलेच तर बिळाच्या आत ठेवा, उघड्यावर टाकू नका.
- मेलेले उंदीर रोज हातमोजे घालून गोळा करा व खोल पुरा.
- शेतात घुबडांना बसण्यासाठी पक्षीथांबे उभारा.

या तिन्ही प्राण्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे.