जॉन्सनची रात्र, स्कॉटची अखेर

लेखकाच्या अखेरच्या पर्वाविषयी लिहिताना आपली समीक्षा 'प्रतिभेला ओहोटी लागली' एवढे म्हणून पुढे सरकते. ही ओहोटी कशामुळे लागली, हे ती क्वचितच विचारते. वार्धक्य, कर्ज, एकाकीपण ही कारणे चरित्रकार देतात; मेंदूला होणारा रक्तपुरवठा कमी पडणे हे कारण मात्र साहित्येतिहासात सहसा तळटीपेच्या वर येत नाही. आपल्या 'अर्धांगवायू' या शब्दातही दोष जातो तो वायूकडे. रक्ताचे नाव त्यात नाही. इंग्रजी साहित्यातील दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाकडे पाहावे असे आम्हाला वाटते.

१७ जून १७८३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास लंडनमध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सन जागे झाले, ते डोक्यात काही गोंधळ माजल्याच्या जाणिवेने. वय त्र्याहत्तर. १७५५ चा शब्दकोश आणि १७८१ मध्ये पूर्ण झालेली कविचरित्रे मागे उभी होती. शरीराचे काहीही होवो, बुद्धी शाबूत राहो, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि त्या बुद्धीची परीक्षा घेण्यासाठी ती प्रार्थना लॅटिन पद्यात रचली. ओळी फारशा चांगल्या उतरल्या नाहीत. परंतु त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळते आहे, यावरून बुद्धी ठिकाणावर असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. वाचा मात्र गेली होती. चिठ्ठी लिहायला घेतली तर हात भलतीच अक्षरे काढत होता. हा सारा वृत्तान्त त्यांनी दोनच दिवसांनी श्रीमती थ्रेल यांना पत्राने कळवला.

वाचा जाते आणि विवेक राहतो, हे कसे? थॉमस विलिस यांनी १६६४ च्या आपल्या ग्रंथात मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडे वर्णिले होते. त्यातील आकृत्यांना ख्रिस्तोफर रेन यांचा हात लागला होता. एक वाट बुजली तरी या कड्यामुळे दुसरीकडून रक्त पोचू शकते. कड्यापलीकडच्या फांद्यांना मात्र असा भरवसा नसतो. त्यातली एखादी बुजली की तिच्या वाट्याचा प्रदेश तेवढा उपाशी राहतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा खप सुमारे २० टक्के. आणि साठा जवळजवळ नाहीच. मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या आसपास उतरले की पेशींचे काम थांबते, १० च्या खाली त्या मरू लागतात. या दोन आकड्यांमधला मेंदू मुका असतो, पण जिवंत असतो. रक्त वेळेवर परतले तर तो पुन्हा बोलू लागतो. जॉन्सन यांची वाचा हळूहळू परतली, याचा एक अर्थ येथे लागू शकतो.

सर वॉल्टर स्कॉट यांची कथा वेगळी आहे. १८२६ च्या आर्थिक कोसळणीनंतर कर्ज फेडण्यासाठी ते अखंड लिहीत राहिले. फेब्रुवारी १८३० मध्ये पहिला झटका आला. पुढे आणखी आले. अशा वारंवार आघातांत स्मृती एकदम पुसली जात नाही. विचारांची गती मंदावते, आखणी विस्कटते, अनेक धागे एकाच वेळी हाती धरण्याची ताकद उणावते. कादंबरीला नेमके हेच लागते. ऑटो बिन्स्वांगर यांनी १८९४ मध्ये रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणाऱ्या बुद्धिभ्रंशाचे वर्णन केले. १९७४ मध्ये व्लादिमिर हाचिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक लहानमोठ्या आघातांतून तो कसा येतो, हे मांडले. स्कॉट यांच्या काळी यातले काहीच उपलब्ध नव्हते. त्यांच्या रोजनिशीत मात्र आपल्या बोलण्यातील अडथळ्याची आणि मनातील गोंधळाची नोंद त्यांनीच केलेली आहे.

१८३१ अखेर प्रसिद्ध झालेल्या 'काउंट रॉबर्ट ऑफ पॅरिस' व 'कासल डेंजरस' या कादंबऱ्यांवर जावई लॉकहार्ट आणि प्रकाशक कॅडेल यांनी बराच हात फिरवला होता. म्हणजे स्कॉट यांची उतरण म्हणून दीर्घकाळ जे वाचले गेले, त्यात इतरांची डागडुजीही मिसळलेली होती. २००६ मध्ये एडिंबरो आवृत्तीने हस्तलिखितांकडे परत जाऊन या कादंबऱ्या नव्याने संपादित केल्या.

येथे वर्गात शिकवणाऱ्यांपुढे खरा पेच उभा राहतो. दुबळ्या वाक्याला आजाराचे लक्षण म्हणावे, की वाक्य म्हणूनच तोलावे? आम्हाला वाटते, आजार ठाऊक असणे म्हणजे लेखकाला सूट देणे नव्हे. जॉन्सन यांनी त्या पहाटे स्वतःच्या ओळींनाही सूट दिली नाही. मात्र कोणता शब्द लेखकाचा आणि कोणता दुरुस्ती करणाऱ्याचा, हे आधी ठरवले पाहिजे. तोवर 'ओहोटी' हा शब्द जपून वापरलेला बरा.