अवघड शब्द नेमके कोणते?

मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यालाही समीक्षेचे बरेचसे वाचन इंग्रजीतून करावे लागते. त्याची इंग्रजी शब्दसंपत्ती वाढावी म्हणून आम्ही अध्यापक वर्षानुवर्षे दोन सल्ले देत आलो. नॉर्मन लुईस यांचे १९४९ साली प्रसिद्ध झालेले ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ अभ्यासा, हा पहिला. आणि इंग्रजी कथा-कादंबऱ्या भरपूर वाचा, हा दुसरा. दोन्ही सल्ले सद्भावनेचेच होते. परंतु विसाव्या शतकातील शब्दगणनेचा इतिहास पाहता ते अपुरे होते, हे आम्हांस मान्य करावे लागते.

या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ साली शिक्षकांसाठी सिद्ध केलेली दहा हजार शब्दांची यादी. शब्द किती वेळा येतो आणि किती निरनिराळ्या ठिकाणी येतो, हे मोजून ती तयार झाली होती. कोणता शब्द आधी शिकवावा याचा निर्णय आता केवळ शिक्षकाच्या अंदाजावर अवलंबून राहिला नाही.

पुढचा टप्पा आपल्या उपखंडातला आहे. अविभाजित बंगालमधील ढाक्यात अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांना दिसले, की बंगाली मुलांच्या वाचनपुस्तकांत विरळ, साहित्यिक शब्दांची गर्दी आहे. या मुलांची खरी गरज इंग्रजी वाचून ज्ञान मिळवण्याची आहे, अशी मांडणी त्यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात केली. विरळ शब्दांच्या जागी प्रचलित शब्द घालायचे आणि नवे शब्द बेताने आणायचे, ही त्यांची रीत. १९३५ साली त्यांनी एन्डिकॉट यांच्यासह केलेल्या कोशात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले आहेत. १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी आली.

मात्र या दोन हजार शब्दांच्या बळावर समीक्षाग्रंथ वाचता येत नाही. ही उणीव ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली न्यूझीलंडमध्ये भरून काढली. कला, वाणिज्य, कायदा व विज्ञान या चार शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचे लेखन तपासून त्यांनी, वेस्ट यांच्या यादीबाहेरची, ५७० शब्दकुलांची यादी केली. अभ्यासपर लेखनाचा सुमारे दहा टक्के भाग या शब्दकुलांनी व्यापलेला आढळला. तेवढ्याच आकाराच्या कथात्म साहित्यात मात्र त्यांचे प्रमाण सुमारे १.४ टक्केच निघाले.

साहित्याच्या अध्यापकाने थांबून विचार करावा असा हा आकडा आहे. कादंबरीवाचनाने भाषेची जाण वाढते, यात शंका नाही. पण समीक्षेचे वाक्य ज्या शब्दांवर तोललेले असते, ते कादंबरीत क्वचितच भेटतात. आमचा विद्यार्थी ‘मिसॅन्थ्रोप’ म्हणजे माणूसद्वेष्टा हे चटकन सांगे आणि ‘असम्प्शन’, ‘कॉन्टेक्स्ट’, ‘इंटरप्रिट’ असलेल्या साध्या वाक्यापाशी अडे. हे शब्द त्याला येत असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. ते अवघड आहेत असे आम्हांस कधी वाटलेच नाही.

वस्तुतः या शब्दांमागील कल्पना त्याला परक्या नाहीत. गृहीतक, संदर्भ, अन्वयार्थ हे शब्द तो स्वतःच्या मराठी उत्तरपत्रिकेत सहज वापरतो. त्या ओळखीवरून इंग्रजी शब्दापर्यंत त्याला नेणे मराठीच्या अध्यापकाला अधिक सोपे आहे. अर्थात एकास एक प्रतिशब्द देऊन भागणार नाही. वाक्यागणिक छटा बदलतात. शिवाय कॉक्सहेड यांची यादी सर्व शाखांसाठी असल्याने ‘आयरनी’, ‘मेटॅफर’ यांसारख्या साहित्यसंज्ञा तिच्यात नाहीत. त्या वेगळ्या शिकवाव्या लागतील.

म्हणून अलीकडे आम्ही शब्दांची यादी वाटणे थांबवले आहे. समीक्षेतील एक परिच्छेद वर्गात देतो आणि कोणत्या शब्दांपाशी अडखळलात, त्यांखाली रेघ ओढा, असे सांगतो. आम्ही मनाशी धरलेले शब्द आणि विद्यार्थ्यांनी अधोरेखित केलेले शब्द यांचा मेळ अजूनही फारसा बसत नाही.