उत्तर कोकणातील मासेमारी नौका आणि नीरम : शिडापासून ट्रॉलरपर्यंत

प्रस्तावना

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ प्रदेशात समुद्र हा नित्य परिचयाचा विषय नाही. साखरशेतसारख्या गावाची अर्थव्यवस्था भात, नागली, वरई आणि दिवाळीनंतरचे स्थलांतर यांभोवती फिरते. तथापि या प्रदेशाचा किनाऱ्याशी असलेला संबंध जुना आहे. जव्हार संस्थानच्या उत्पन्नात जंगलाचा वाटा मोठा होता आणि जुन्या ठाणे जिल्ह्यातील इमारती लाकूड व गवत खाड्यांच्या वाटेने मुंबईस जात असे. आज पालघर जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी पट्ट्यातील आदिवासी तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळ येथील ट्रॉलरवर खलाशी म्हणून काम करतात. ज्या नौकेवर हा खलाशी चढतो तिचा तोल कशाने राखला जातो, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. तोल राखण्याचे ज्ञान कोणाच्या हाती होते आणि ते कोणाच्या हातून निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिडाच्या नौकेतील वजन

नौका स्थिर राहावी म्हणून तिच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले वजन म्हणजे नीरम. आज बंदरावर त्यास सर्रास बॅलास्ट म्हणतात. वाऱ्याचा दाब उंच शिडावर पडतो, तेव्हा नौकेस पुन्हा सरळ करणारे वजन खाली असावे लागते. कोकणात या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात. दक्षिणेस, मालवणच्या बाजूस, लहान होडीला उलांडी जोडली जाते. म्हणजे वजन न वाढवता आधाराची रुंदी वाढवली जाते. उत्तरेकडील मचवा व पडाव यांनी मात्र रुंद अंग आणि तळातील वजन यांवर भिस्त ठेवली. मुंबईच्या आसपास उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे पाच मीटरांचा फरक पडतो. ओहोटीला नौका चिखलावर बसते, अशा किनाऱ्यावर रुंद तळ सोयीचा ठरतो.

मालवाहू गलबतात माल हेच नीरम असे. मंगलोरी कौले किंवा मीठ खाली रचले की वेगळे दगड लागत नसत. लाकूड आणि गवत यांची गोष्ट उलटी होती. हा माल आकाराने मोठा आणि वजनाने हलका असल्यामुळे तो काठाच्या वर रचावा लागे व नौकेचा गुरुत्वमध्य वर सरके. डोंगरातला माल समुद्रावर सर्वांत बेभरवशाचा ठरावा, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. रिकाम्या परतीसाठी दगड किंवा वाळू हा सर्वांत स्वस्त उपाय होता.

या दगडांचा महत्त्वाचा गुण म्हणजे ते हलवता येत. नाळेकडे की मागे, किती आणि कोणत्या बाजूस, हे तांडेल वारा व माल पाहून ठरवी. नौका पुढे-मागे समतल ठेवण्याची क्रियाही याच हातांनी होई. वाऱ्याच्या बाजूस सरकून बसणारे खलाशी हे देखील एक प्रकारे जिवंत नीरमच होते. अशा जिवंत वजनाची उलट बाजू १७ जुलै १९४७ रोजी दिसली. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावल्याचे त्या दुर्घटनेच्या वर्णनांत सांगितले जाते.

वजन फुकट मिळत नाही

नीरम वाढवले की नौका सुरक्षित होते, हा समज अपुरा आहे. स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात स्टॉकहोम बंदरात उलटली. तिच्या तळात सुमारे १२० टन दगड होते. अधिक दगड भरले असते तर तोफांची खालची दारे पाण्याच्या अगदी जवळ आली असती. तळात टाकलेला प्रत्येक दगड नौकेस थोडा खाली बसवतो आणि पाण्याबाहेरील काठाची उंची कमी करतो. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बूगे याने १७४६ मध्ये मेटासेंटरची संकल्पना मांडली, त्यानंतर या देवघेवीचा हिशेब कागदावर करणे शक्य झाले. गुरुत्वमध्यापासून मेटासेंटर जितके वर, तितकी नौका लवकर सरळ होते.

यंत्र आणि ट्रॉल

‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या समुद्रात प्रायोगिक मासेमारी केली. खऱ्या अर्थाने बदल स्वातंत्र्यानंतर, पंचवार्षिक योजनांच्या काळात झाला. केरळात १९५२ च्या करारानुसार इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला, तर कोचीन येथे १९५७ मध्ये मत्स्य तंत्रज्ञानाचे केंद्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. उत्तर कोकणात सातपाटीसारख्या गावांनी यंत्र स्वीकारले, परंतु तेथील ख्याती पापलेटच्या जाळ्यांची राहिली. ट्रॉलरांची गर्दी मुंबईच्या ससून डॉकसारख्या बंदरांत झाली.

यंत्र आले तेव्हा शीड उतरले आणि दगडही उतरले. इंजिनाचे वजन खालीच असल्यामुळे हा बदल निर्धोक वाटला. पुढे ट्रॉलसाठी विंच, फळ्या टांगण्याची लोखंडी चौकट, ओले जाळे आणि केबिन ही सर्व वजने तळापासून वर चढली. जाळे समुद्रतळाशी अडकले की दोराचा ताण थेट त्या चौकटीवर येतो. मग तळात पुन्हा भर घालावी लागते : दगड, भंगार लोखंड किंवा सिमेंट. सिमेंट हलत नाही हा त्याचा गुण, पण लाकडी नौकेत पाणी वाहण्याच्या वाटा त्याने बुजतात आणि आतले लाकूड कुजते. शिवाय ते तांडेलच्या इच्छेने पुढे-मागे करता येत नाही.

येथेच ज्ञानाची खरी हानी झाली असे म्हणावे लागते. नौका हळू, आळसावल्यासारखी हेलकावे खाते तेव्हा नवख्या खलाशास बरे वाटते, आणि झटक्याने सरळ होते तेव्हा भीती वाटते. वास्तव उलट आहे. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एकाच डेकच्या मासेमारी नौकेसाठी गुरुत्वमध्य व मेटासेंटर यांतील अंतर किमान ०.३५ मीटर असावे, असे म्हटले आहे. पाच मीटर रुंदीच्या नौकेत हे अंतर ०.६ मीटर असेल तर पूर्ण हेलकाव्यास साधारण पाच सेकंद लागतात. ते ०.३५ वर आले की साडेसहा सेकंदांहून अधिक लागतात. एका घड्याळाने होणारी ही तपासणी आहे. अनुभवी तांडेल ती घड्याळाशिवाय, पायांनी करतो. परंतु हंगामापुरता नौकेवर चढलेल्या डोंगरातील मजुरास ती कोणी शिकवत नाही.

त्या शिफारशी मुळात २४ मीटर व त्याहून लांब नौकांसाठी होत्या. कोकणातील बहुसंख्य नौका त्याहून लहान आहेत. तरीही त्यांतील एक अट येथे विशेष लागू पडते. परतीच्या वेळी इंधन व सामान दहा टक्के उरले आहे आणि मासळी पूर्ण क्षमतेच्या केवळ वीस टक्के आहे, अशा स्थितीतही नौकेची स्थिरता तपासावी, असे त्यात सुचवले आहे. निघताना डिझेल, पाणी आणि खणातील बर्फ तळात असतो. परतताना डिझेल जळालेले, बर्फ वितळलेला आणि विंच मात्र जागच्या जागी असतो. मासळी भरपूर मिळाली तर तीच तळातील वजन होते. म्हणून ज्या फेरीत मासळी मिळत नाही, त्याच फेरीत नौका सर्वांत हलकी आणि सर्वांत अस्थिर होऊन घरी येते.