नौशेरवानच्या तहातले एक कलम

नौशेरवान-ए-आदिलच्या न्यायाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ही गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगते. इ.स. ५२९ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनने अथेन्समधील तत्त्वज्ञानाची शिकवण बंद पाडली. दमिश्कचा दमास्कियस, सिम्प्लिकियस असे सात पंडित इराणच्या दरबारी आश्रयाला गेले. तिथे त्यांचे मन रमले नाही, उलट निराशाच झाली. नौशेरवान रागावला असता तर नवल नव्हते. पण ५३२ च्या तहात त्याने रोमकडून कबूल करून घेतले, की हे लोक सुखरूप मायदेशी परततील आणि धर्म बदलण्याची सक्ती त्यांच्यावर होणार नाही. सात परक्या, परधर्मी माणसांसाठी दोन साम्राज्यांच्या तहात एक कलम! परतल्यावर सिम्प्लिकियसने ॲरिस्टॉटलवर मोठमोठी भाष्ये लिहिली. आमच्या हकिमांच्या तोंडी असलेला अरस्तू तो हाच.